यंत्राला ऊद

शेजारी कुणी ऊद जाळला की मला बीडमधली ती गच्ची आठवते. उपग्रहाच्या चित्रांवरून शहराच्या हवेतल्या धुळीचा नकाशा करायचं माझं काम, आणि चित्र खरं बोलतंय का हे ताडून बघायला एका घराच्या गच्चीवर आम्ही धूळ मोजणारं यंत्र बसवलं होतं. दर गुरुवारी दुपारी चित्रात हवा स्वच्छ दिसायची अन् यंत्राचा आकडा मात्र भडकायचा. साहेब वैतागले, "यंत्र बिघडलंय, काढून आणा." कित्येक महिन्यांची मेहनत पाण्यात जाणार म्हणून धुसफुसतच मी गुरुवारी तिथं पोचले. कुरडयांच्या वाळवणापलीकडं घरमालकीण मावशी डोक्यावर पदर घेऊन यंत्राभोवती उदाचं धुपाटणं फिरवत होत्या. यंत्राला हळदीकुंकूही लावलेलं. "अहो मावशी, हे काय?" मी जवळजवळ ओरडलेच. "नजर लागू नये म्हनून. मशीन बिघडली तर तुजी नोकरी जाईल की न्हाई, लेकरा?" माझा राग तिथंच विरला. धुरानं आकडा कसा चढतो ते मी सांगितलं, तशा त्या आभाळाकडं बघत म्हणाल्या, "वरून सगळं गाव दिसतं, मग माजा धूर कावून दिसला न्हाई?" "लई थोडा हाय म्हणून," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी खूप हसलो. पुढच्या गुरुवारपासून मावशी ऊद खाली अंगणात फिरवू लागल्या, चित्र आणि यंत्र जुळलं. तो नकाशा आता माझ्या टेबलासमोर आहे. बीडच्या ठिपक्यावर हळदीचं एक पुसट बोट उमटलंय. ते मीच लावलंय.