मासळीचे सारखे वाटे

आमच्या कार्यशाळेत सगळी ‘मुलं’च होती. सगळ्यात थोरल्या मुलाचं वय बेचाळीस. कानशिलं पांढरी झालेली, उठता-बसता गुडघे धरायचा बिचारा, तरी आम्ही त्याला म्हणायचो, “बाळा, डबा संपव बरं.” मीही म्हणायचे. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि अक्कल त्याहून बरीच लहान होती.

नव्वद सालच्या आसपासची ही गोष्ट. जुन्या पनवेलमध्ये एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत अठरा वर्षांवरच्या मतिमंद माणसांसाठी कार्यशाळा चालायची. तेव्हाचा शब्द तोच, आणि आम्ही तो लाल रंगात पाटीवर लिहून रस्त्याच्या बाजूला टांगला होता, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यालाही कळावं. चालवणारं मंडळ म्हणजे पाच-सहा सुखवस्तू बायका आणि एक निवृत्त साहेब. काम काय, तर मेणबत्त्या करायच्या आणि पाकिटं चिकटवायची. दिवाळीआधी विक्री असायची. ‘मुलांच्या’ मेणबत्त्या वाकड्या यायच्या, म्हणून आम्ही शिक्षिका त्या वितळवून पुन्हा नीट ओतायचो. मग विक्रीच्या दिवशी बायका गालाला हात लावून म्हणायच्या, “अय्या, ह्यांनी केल्या? खरंच वाटत नाही हो!” वाटेल कसं? खरं असेल तर वाटेल ना!

वाढदिवसवाले तर विचारूच नका. कुणाच्या नातवाचा वाढदिवस आला की ती मंडळी केक घेऊन यायची, आमच्या बेचाळीस वर्षांच्या बाळाच्या डोक्यावर पुठ्ठ्याची टोपी चढवायची, सगळ्यांकडून प्रार्थना म्हणून घ्यायची आणि डोळे पुसत निघून जायची. पुण्य लागलं. पुढच्या वर्षापर्यंत निवांत.

अनुदानासाठी पंधरा जण पटावर हवे होते आणि आमच्याकडे चौदाच होते. पंधरावं डोकं शोधायला साहेबांनी मला धाडलं. मी मुंबईहून एक वर्षाची पदविका घेऊन आलेली, ताजी ताजी. ‘समाजातील दुर्लक्षित व्यक्तींचा शोध’ असं मी वहीवर लिहिलं होतं. खरं म्हणजे ‘पंधरावं डोकं’ असंच लिहायला हवं होतं.

कुणीतरी सांगितलं, मासळी बाजारात एका कोळणीची मुलगी आहे, ‘तशी’. मी गेले. आता मासळी बाजार आमच्या घरापासून कितीसा लांब, पण मी त्यात कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. आमच्याकडे अंड्याचंही नाव न घेता ‘ते’ म्हणायचे. दारातच मी पर्समधला रुमाल काढला, त्यावर कोलनचे दोन थेंब टाकले आणि नाकाला लावून आत शिरले. समाजसेवा करायला!

ती आईच्या शेजारी फळीवर बसली होती. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, ठेंगणी, जाड जिभेची, केसांत अबोलीचा गजरा. समोर मोरा बंदरावरून आलेली मांदेली ओतलेली होती आणि ती वाटे लावत होती. मासळी बाजारात लहान मासळी वजनावर जात नाही. तिचे फळीवर लहान लहान ढीग मांडतात, एका ढिगाला एक भाव. तोच वाटा. गिऱ्हाईक येतं, सगळे वाटे न्याहाळतं, त्यातला मोठा हेरून उचलतं आणि वर आणखी दोन मासे टाकून घेतं. पण हिच्या फळीपुढे गिऱ्हाईक अडून उभं राहायचं. एक म्हातारी माझ्यादेखत कुरकुरली, “ह्यातला मोठा कंचा, तेच समजत नाय.” समजणार कसं? दहाच्या दहा वाटे सारखे. लहान-मोठी मासळी अशी वाटलेली, की तराजू आणला असता तरी काटा हलला नसता. हे सगळं मला आज दिसतंय. तेव्हा मला काय दिसलं? चिखल, माश्या आणि ओले हात.

“मावशी,” मी रुमालातूनच म्हटलं, “मोठी मुलगी आहे ही. तिला असं घाणीत बसवून कसं चालेल? तिला माणसांत आणायला हवं.”

माणसांत! बाजूला तीस बायका बसलेल्या. त्यातली एक तिला चहा पाजत होती, दुसरी तिची वेणी सारखी करत होती, तिसरी तिला चिडवत होती आणि ती खळाळून हसत होती. आणि मी दीडशहाणी तिला तिथून उचलून माणसांत आणायला निघाले होते.

मावशी शांत होती. पाय सुजलेले, साखरेचं दुखणं जुनं. तिने मला बसायला गोणपाट दिलं. मी उभीच राहिले. मग ती म्हणाली, “बाई, घर मुलाचं नि सुनेचं हाय. सून वाईट नाय, पण घरातली जागा तिचीच. बाजारातली ही जागा माजी. माझ्या आयेची होती, मग माजी झाली. माझ्या मागं ही हिची व्हायला पायजे. तुमी शिकवाल तिला?”

“स्वतःच्या पायावर उभी करू,” मी ठोकून दिलं. हे वाक्य आम्हाला पदविकेत पाठ करून घेतलं होतं.

“मग सकाळचा बाजार करून दुपारी धाडते.”

“नाही नाही. दहा ते चार. नियम म्हणजे नियम.”

शिकलेली बाई आपण होऊन बाजारात आलेली तिने पहिल्यांदाच पाहिली असावी. शेवटी म्हणाली, “तुमाला आमच्यापरीस जास्ती कळतं.” या वाक्याइतकं खोटं वाक्य मी आयुष्यात ऐकलं नाही, आणि मी ते हसून पदरात घेतलं.

मग चाचणी झाली. मी तिच्यापुढे लाकडी ठोकळे ठेवले. “पाच दे.” तिने मूठभर दिले. “तीन दे.” पुन्हा मूठभर. मग राहिलेल्या ठोकळ्यांचे तिने टेबलावर चार ढीग मांडले, एक ठोकळा इकडचा तिकडे केला आणि समाधानाने माझ्याकडे बघितलं. चारही सारखे होते की नाही, कोण बघतंय! मी फॉर्मवर लिहिलं: संख्याज्ञान नाही. सूचनांचं आकलन नाही. व्यवसायपूर्व कौशल्य नाही. खाली झोकात सही ठोकली. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटल्या की अक्षर कसं वळणदार येतं!

तिला मेणबत्तीच्या वाती कापायला बसवलं. चार दिवसांत वासाची तक्रार आली. एका मुलाचे वडील बँकेत अधिकारी, ते म्हणाले, “आमच्या ह्याला जेवण जात नाही हो. त्या मुलीला मासळीचा वास येतो.” त्यांच्या ह्याने त्या दिवशी सहा पोळ्या खाल्ल्या होत्या, मीच वाढल्या होत्या. पण अधिकारी पडले ना. आणि खरं सांगायचं तर मलाही तिच्या शेजारी बसताना कसंसं व्हायचं. वडिलांच्या तक्रारीचं मी फक्त निमित्त केलं.

मग मी माझं शास्त्र बाहेर काढलं. हवं तसं वागलं की ताबडतोब शाबासकी आणि ताबडतोब बिस्कीट. पदविकेचं सगळं ज्ञान या एका ओळीत मावायचं. सकाळी ती आली की मी तिचे हात तिच्याच नाकाशी न्यायचे, आपला रुमाल नाकाला लावायचे आणि तोंड वाकडं करून म्हणायचे, “छी! वास!” मग साबण, पाणी, टॉवेल. बोलायची ती फार थोडं. आई, चा, ये, नाय, असे पाच-सहा शब्द. पण नक्कल अशी करायची की बघत राहावं. महिन्याभरात एका सकाळी तिने आपण होऊन हात नाकाशी नेले, कमरेचा रुमाल काढला, नाकाला लावला आणि म्हणाली, “छी! वास!”

काय टाळ्या पडल्या! मदतनीस बाई, दुसरी शिक्षिका, आमचं बेचाळीस वर्षांचं बाळसुद्धा टाळ्या वाजवायला लागलं. तिने तळहात पुढे केला आणि मी त्यावर बिस्कीट ठेवलं. मंडळाच्या बैठकीत मी सांगितलं, “दोन नवीन शब्द आले.” बायकांना गहिवरून आलं. त्या वर्षाच्या अहवालात ‘वैयक्तिक स्वच्छता – उत्तम प्रगती’ असा शेरा गेला. अनुदान मंजूर झालं.

दोन वर्षं ती आमच्याकडे होती. वाती कधी सारख्या कापल्या नाहीत तिने, कारण वातीत तिला काही रस नव्हता. बिस्कीट मात्र बिनचूक कमावायची. मावशी मध्येच कधी भेटली तर विचारायची, “शिकते ना?” मी म्हणायचे, “खूप.” घरी ती जेवताना तोंड फिरवते, मासळीच्या ताटाला हात लावत नाही, असं मावशीने एकदा सांगितलं होतं. मी म्हटलं, आवडीनिवडी बदलतात हो मावशी. कपाळ माझं!

बाजारातली ती जागा गेली, हे आधीच सांगून टाकते. आज तिथे सुनेची बहीण बसते, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. जागा कशी गेली ते सांगायला मात्र मला अजून धीर गोळा करावा लागतो.

मावशीच्या पायाची दोन बोटं कापली. दवाखान्यातून आली ती काठी टेकत, रिक्षा करून थेट कार्यशाळेत. दारातच उभी राहून म्हणाली, “बाई, आता पोरीला द्या परत. विकायला सून हाय. वाटे लावायला हीच पायजे. उद्या मी तिला फळीवर बसवते. चार बायकांदेखत तिच्या हातानं पहिला वाटा लागला की जागा तिची झाली, मग मी नसले तरी तिला कोणी उठवत नाय. आमच्यात असंच असतं. तुमीपण या. तुमी शिकवलंय तिला.”

मला अभिमान वाटला हो. खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून गेले मी.

बाजार भरलेला होता. फळी धुऊन काढलेली, कडेला हळद-कुंकू लावलेलं. मावशी काठीवर भार देऊन उभी होती, सून पाटी धरून होती आणि आजूबाजूच्या बायका आपापली गिऱ्हाइकं सोडून कौतुकाने जमल्या होत्या. “आली गो आली! दोन वरसं झाली, अगदी शाळेतली बाई होऊन आली!” कुणी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. ती पावडर लावलेली, रुमाल कमरेला खोचलेला, सगळ्यांकडे बघून हसत होती. सुनेने मांदेलीची पाटी फळीवर रिकामी केली. मावशी म्हणाली, “बस बाय. लाव वाटा.”

ती बसली नाही. मासळीकडे बघितलं, आईकडे बघितलं, मग गर्दीत मला शोधलं.

माझा रुमाल माझ्या नाकावर होता. शपथेवर सांगते, कधी काढला ते मला कळलंही नव्हतं. दारातून शिरताना काढला असणार, नेहमीसारखा.

मावशीने तिचा हात धरून मासळीवर ठेवला. तिने तो हिसकावून घेतला, नाकाशी नेला, कमरेचा रुमाल काढून नाकाला लावला आणि स्वच्छ, खणखणीत, दोन वर्षांत कधी म्हटलं नव्हतं इतकं नीट म्हणाली, “छी! वास!” आईच्या तोंडावर.

मावशीने पुन्हा एकदा तिचा हात धरायला बघितलं, तशी ती दोन पावलं मागे सरकली. सुनेने मान खाली घातली. कुणीतरी म्हणालं, “ऱ्हाऊ दे आज, उद्या बघू.” पण उद्या काही होणार नव्हतं, हे तिथे सगळ्यांना कळलं होतं. मावशीला तर सगळ्यात आधी.

मग ती मासळीकडे पाठ करून माझ्याकडे आली. चेहरा नुसता उजळला होता तिचा. माझ्यासमोर उभी राहिली आणि तिने तळहात पुढे केला.

बिस्किटाचा पुडा पर्समध्ये होता. पण माझा हात हलेना.

मावशी काठी टेकत फळीवर बसली, आपल्या जागेवर, आणि मांदेली पुढे ओढून स्वतःच वाटे लावायला लागली. वर न बघताच म्हणाली, “द्या तिला, बाई. बरोबर बोलली ना ती?”