न्हाणीच्या उंबऱ्याखालचं मडकं

कॉलेजात मी इतिहास शिकवतो आणि इंग्रजांची मध्ययुगीन खेडी शिकवताना माझ्या अंगात नट येतो. पडद्यावर चित्रं सरकतात. "ही बघा चूल! ही सूत कातायची चकती! आणि हे... दाराशी पुरलेलं अख्खं मडकं!" इथं आवाज एकदम खाली. कुणी पुरलं? कशासाठी? मागच्या बाकावरचे पोट्टेसुद्धा मोबाइल खाली ठेवतात.

या हिवाळ्यात गुढियारीच्या आमच्या जुन्या घरात न्हाणीचा पाइप बदलायला उंबऱ्याखाली खणलं आणि तसंच मडकं निघालं. उभं, अख्खं, वर मातीचं झाकण. मजुरानं झाकण सरकवलं. आत काळी माती, गंजलेला खिळा, काळे मणी. तो एका उडीत खड्ड्याबाहेर.

"साहब, ए तो टोना आय. हमन नइ छुवन." करणी म्हणे, हात लावणार नाही.

मी मागं वळून पाहिलं. आतल्या खोलीत लेक झोपली होती. पहिलं बाळंतपण, आठवा महिना.

बायको आली, वाकून पाहिलं आणि पदर तोंडात धरला. "पोट्टीले आजच नागपूरले धाडा, सासरी. या घरात आता एक रात नाही."

"अगं, डॉक्टरनं प्रवास नको म्हटलं ना! प्रेशर किती वाढून राहिलं तिचं!"

"अन् इथं काही झालं तर? वर्गात लय हसवता ना? हसा आता!"

हसू कुठलं! मी खिळ्याकडे बघत होतो आणि खिळा माझ्याकडे. गाडीत काही झालं तर? घरात काही झालं तर? बायकोनं बॅग काढली. लेक दारात येऊन उभी राहिली, पोटावर हात, चेहरा पांढरा. "पप्पा, क्या निकला?"

 शेवटी मी शंकर नगरच्या आत्याला फोन लावला. आमच्यात आता वडीलधारी तीच. तिला कमी ऐकू येतं म्हणून स्पीकर लावून ओरडून विचारलं, न्हाणीखाली कुणी काही पुरलं होतं का?

"काय निघालं?"

"खिळा. काळे मणी."

 पलीकडून खो खो हसणं. "मुडद्या, तुयी वार हाये ते, नाळेसंगं पडलेली! दाईनं अन् म्या पुरली. निळा जन्मला होता तू, रडेच ना. तुयी माय अशी भेली होती! तू जगावा म्हणून खिळा टाकला, नजर लागू नये म्हणून मणी. काहून खणलं तुमी?"

बायकोचा हात बॅगेतच थांबला. "आत्या, खरं सांगून राहिल्या ना?"

"समोर उभा हाये ना तुह्या? मंग! झाका ते. अन् पोट्टीले कुठं धाडू नोका."

बायकोनं एकेक कपडा परत कपाटात ठेवला. मजूर मात्र खड्ड्यात उतरेना. पाइप बाजूनं वळवतो म्हणाला, मडकं तुम्हीच झाका. पँट दुमडून मीच उतरलो. झाकण दोन बोटांनीच धरून बसवलं. लेक वर स्टुलावर बसून बघत होती.

"पप्पा, अब भी डर लग रहा है क्या?"

"हव," मी म्हणालो आणि दोन्ही हातांनी माती लोटू लागलो.