रस्ता गंगापूरला, दावा शहरात

आमचं शेत गंगापूर तालुक्यात आणि आम्ही राहतो शहराच्या कडेला, पडेगावात. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सगळी नोकरी शहरात गेली, पण जीव शेतातच राहिला. पोळ्याच्या सुमारास त्यांच्या धाकट्या भावानं, माझ्या काकांनी, आमच्या शेताकडं जाणारा रस्ता चर खणून बंद केला. सामायिक विहिरीवरच्या मोटरच्या पाळीवरून दोघांचं बिनसलं होतं. आत आमचा ऊस उभा, आणि तोडणीला ट्रॅक्टर न्यायला दुसरी वाट नाही.

आबांना गंगापूरच्या कोर्टात जायचंच नव्हतं. तिथं पायरी चढेपर्यंत निम्मं गाव भेटतं, कुणीतरी सोयरा चहाला ओढतो आणि संध्याकाळपर्यंत घरोघर बातमी. "भावाभावाचं भांडण चव्हाट्यावर कशाला?" हे त्यांचं पालुपद. काकांचाही फ्लॅट शहरातच. मग ज्याच्यावर दावा लावायचा तो राहतो तिथंच लावू, असं त्यांनी ठरवलं. शहरातल्या आमच्या वकिलानं थोडं आढेवेढे घेऊन मान हलवली. माझ्या मते त्यालाही रोज सकाळी गंगापूरच्या जीपमध्ये कोंबून घ्यायचं नव्हतं.

तारखा पडत गेल्या. शेवटी न्यायाधीशांनी शांतपणे सांगितलं, की जमिनीचा तंटा जमीन असेल तिथल्या कोर्टात न्यायचा असतो, माणूस कुठं राहतो ते इथं बघत नाहीत. दाव्याचे कागद तिकडं न्यायला परत दिले. तोवर जानेवारी उजाडला होता आणि उसाला तुरे आले होते, म्हणजे वजन घटायला लागलं होतं. मला आबांचा भयंकर राग आला आणि मी तो रिक्षातच बोलून दाखवला.

शेवटी आम्ही गंगापूरला गेलो. तिथल्या एका वकीलबाईंनी कागद बाजूला सारले. "शेतरस्ता अडवला तर तहसीलदाराकडं जाता येतं, ते लवकर होतं. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. कधी अडवला?"

"पोळ्याला," आबा म्हणाले.

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. "मग दिवस थोडेच उरलेत. घरी जाऊ नका. आजच अर्ज टाका."

तहसीलदार पाहणीला आले तेव्हा बांधावर सगळं गाव गोळा झालं. आबा लिंबाखाली मान खाली घालून उभे होते. रस्ता कधी नव्हताच, असं काकांनी लेखी दिलं होतं. तहसीलदारांनी शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं.

"आमच्या बापाच्या वक्तापासून हाच रस्ता हाय, साहेब," तो म्हणाला आणि काकांकडं बोट केलं. "ह्यो तर लहानपणी बैलगाडीच्या मागं लोंबकळत इथूनच यायचा. लई मार खाल्लाय त्यापायी."

लोक हसले. मग एकेक जण बोलू लागला. काकांनी चराकडं पाहिलं.

"व्हय," ते म्हणाले. "इथूनच यायचो."

चर बुजवायचा हुकूम झाला. ऊस थोडा वाळला, पण कारखान्याला गेला. काका अजून आमच्याकडं येत नाहीत.

पाहणीच्या दिवशी आम्ही जीपनं परतलो. पडेगाव जवळ आल्यावर आबा म्हणाले, "शहरात ही माणसं कुठून आणली असती? अन् मी तर ह्यांच्याच नजरेला भीत व्हतो."