चौदा खंड आणि आधीची दहा मुले

काहीही विकत घेण्याआधी मी वहीत दोन रकाने आखते. बायबलवरच्या भाष्याचा चौदा खंडांचा संच घ्यावा की नाही, यासाठीही आखले. ‘घेऊ नये’खाली चार मुद्दे झाले: इंग्रजी जड, अक्षर बारीक, नवीन पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांत जागा नाही, वाचणारी मी एकटी. ‘घ्यावा’खाली एकच: तिला उत्तर द्यायचे आहे.

ती आमच्या महिला मंडळातली, तळोज्याची. मागच्या वर्षी तिची मुलगी तापाने गेली. दर गुरुवारी माझ्या घरी आम्ही गोल बसून शास्त्र वाचतो. बसल्या क्रमाने प्रत्येकीने एकेक वचन. त्या दिवशी जुन्या करारातली त्या सोशिक माणसाची गोष्ट संपत आली होती, ज्याची दहा मुले एका दिवसात गेली. त्याला पुन्हा दहा मुले झाली हे वचन नेमके तिच्या वाट्याला आले. सभेची आखणी माझी. खुर्च्या मोजल्या असत्या तर मला आधीच कळले असते.

तिने वाचले आणि विचारले, “ताई, ही नवी दहा झाली. आधीच्या दहांचं काय?”

मी वही उघडली. दुःख का येते याची पाच कारणे मी लिहून ठेवली होती. तिसऱ्यापाशी तिने मला थांबवले. “माझी पोर यातल्या कितव्या नंबरला?”

चहा न घेताच ती गेली. नंतर कधी आली नाही.

संच आमच्या चर्चच्या निवृत्त पाळकसाहेबांचा. नजर अधू झाल्यामुळे ते तो विकून टाकणार होते. मी आपटा गावी त्यांच्या घरी गेले.

“सलाम, बाई. वही आणली असेलच!” आमच्या ख्रिस्ती रिवाजाप्रमाणे सलाम करत ते म्हणाले.

मी हवा तो खंड काढला आणि शेवटचा अध्याय उघडला. उत्तर होते. त्या माणसाला गेलेली गुरेढोरे दुप्पट परत मिळाली, मुले मात्र दहाच. कारण आधीची दहा देवाजवळ आहेतच, म्हणून एकूण वीस, म्हणजे तीही दुप्पटच. किती नीट जुळले! क्षणभर मला बरेही वाटले. मग ते तिच्यासमोर बोलून दाखवल्याची कल्पना केली. माझ्या यादीतले सहावे कारण, दुसरे काय?

“सापडलं?” पाळकसाहेबांनी विचारले.

“सापडलं.”

“मी एका आईला सांगितलं होतं ते. तिनं पुन्हा मला घरात घेतलं नाही.”

संच तिथेच ठेवून मी थेट तळोज्याला गेले. तिने दार अर्धे उघडले.

“काही सांगायला आलात?”

“नाही.”

ती आत या म्हणाली नाही. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. “गॅस बघते,” म्हणून ती आत वळली.

मी जिन्यात बराच वेळ थांबले. ती परत आली नाही.