अनघाचे ठिपके

माझी मुलगी अनघा परदेशात पेशींवर संशोधन करते. पेशींची माहिती निरनिराळ्या पद्धतींनी चित्रात मांडून पाहता येईल, असं एक संकेतस्थळ तिने तयार केलंय. मलाही पाठवलं. प्रत्येक पेशीचा एक ठिपका. पद्धत बदलली की तेच ठिपके संथपणे सरकतात आणि आत्ता शेजारी असलेले दोघे पडद्याच्या दोन टोकांना जातात. पाहताना उगाच वाईट वाटतं.

रविवारी तिचा फोन आला तेव्हा मी विचारलं, "यातलं खरं चित्र कोणतं गं?"

"सगळीच खरी, बाबा. एका पद्धतीत जवळची नाती नीट दिसतात, दुसरीत लांबची अंतरं. दोन्ही एकदम जमत नाही."

मग ती बराच वेळ समजावत राहिली. एरवी जेवण आणि गोळ्यांची चौकशी झाली की आमचं बोलणं संपतं. तिची आई गेल्यापासून मला पुढे काही सुचत नाही.

तिने सांगितलेलं निम्मंही कळलं नव्हतं. तरी फोन ठेवल्यावर मी पुन्हा ते ठिपके सरकवत बसलो. पुढच्या रविवारी विचारायला एखादी शंका हवी होती.