इंजनाला गोडं पाणी

पनवेलच्या कोळीवाड्यात दमयंतीला सगळे येडी म्हणत. म्हणोत बापडे. नळाला पाणी एक दिवसाआड, आणि ही बाई होडीचं इंजन पिंपातल्या गोड्या पाण्यात बुडवून चालवायची. शेजारणी नाकं मुरडायच्या.

"माणसाला प्यायला नाय, नि हिचं इंजन पितंय."

"माझ्या वाटचं पितंय. तुमच्या हंड्याला हात लावला का मी?"

तिला कारण होतं. नवरा काशिराम पक्का भाविक. दर्याच्या वस्तूला गोडं पाणी लावू नये, असं त्याच्या बापानं सांगितलेलं. नारळी पुनवेला तर तो झाकण काढून इंजनाला खाडीच्या पाण्यानं आंघोळ घालायचा. मीठ काय भक्ती बघतं? बाहेरून गंज चढला, आत पाण्याच्या वाटा मिठानं बुजल्या, आणि एका फेरीत इंजन तापून जागीच बसलं. मिस्त्रीनं ते कसंबसं उठवलं नि बजावलं, पुन्हा तापलं तर थेट भंगारात. त्याच वर्षी काशिरामला लकवा झाला. उजवा हात गेला, वाचा गेली.

धाकटा दीर गणू म्हणाला, "वयनी, होडी विकून टाकू. बाईमाणूस होडी हाकत नाय."

"इंजन धड राहिलं तर हाकीन," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून इंजनातलं मीठ धुवायला पिंप मांडलं.

पुनव आली. धक्क्यावर सारा वाडा जमला; काशिरामलाही धरून आणून होडीच्या कडेला बसवलं. गणू खाडीच्या पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन इंजनाकडे निघाला, तशी दमयंती आडवी आली.

"एक थेंब पडू देनार नाय."

"दर्या कोपंल."

"कोपू दे. देव दर्यात हाय, इंजनात नुसतं लोखंड हाय."

म्हातारे खवळले. होडी काशिरामची, तोच काय ते करील, असं ठरलं. गणूनं तांब्या त्याच्या डाव्या हातात दिला, आणि दमयंतीचं अवसानच गळालं. साऱ्या वाड्याशी ती भांडली असती, पण जन्मभराची श्रद्धा त्या माणसाच्या हातून कशी हिसकावणार? तिला त्याचा संताप आला, कीवही आली.

काशिराम तिच्या काळ्या, तेलकट हातांकडे बघत राहिला. मग त्यानं तांब्या कलंडवला. पाणी परत खाडीत गेलं. त्याच हातानं त्यानं इंजनाजवळची आपली जागा तिला दाखवली.

ती तिथं जाऊन बसली आणि सगळ्यांदेखत हमसून रडली. मग नाक पुसलं नि इंजन चालू करायची दोरी ओढली.