खरवईची चूल

ती घटना आठवली की आजही मला आधी स्वतःचा राग येतो, आणि मग एका बाईंचं कौतुक वाटत राहतं. नोकरीत मी पोचलेले गुन्हेगार पाहिले, हुशार वकील पाहिले. पण समोरची वस्तू नीट कशी बघायची, हे मला उल्हासनगरच्या एका चुली बसवणाऱ्या बाईंनी शिकवलं. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्यांची गरजही नाही.

मी तेव्हा बदलापूर भागातल्या एका पोलीस ठाण्यात होतो. थंडीचे दिवस होते. सकाळी रुग्णालयातून फोन आला, खरवईची दहा दिवसांची बाळंतीण बेशुद्ध अवस्थेत आणलीय, विषारी वायूचा संशय आहे. ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि मी हवालदाराला घेऊन निघालो.

रुग्णालयात तिचा नवरा भेटला. अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी, शिकलेला, शांत माणूस. त्याच्याकडून कळलं ते असं. बायकोला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. बाळंतिणीचं पाणी गॅसवर तापवायचं नाही, शेकायला लाकडाचेच निखारे हवेत, असा त्याच्या आईचा हट्ट. म्हणून दोन महिन्यांपूर्वी नव्या घराच्या स्वयंपाकघरात उल्हासनगरच्या एका बाईकडून लोखंडी बंदिस्त चूल बसवून घेतली, धुराचा पाइप स्लॅबमधून वर काढला. त्या सकाळी सुनेची आंघोळ झाली, ती चुलीजवळच्या बाजेवर पडली, चुलीत निखारे होते. वारं लागू नये म्हणून खिडकी बंद, दार लोटलेलं. आजी बाळाला कोवळ्या उन्हात घेऊन पुढच्या अंगणात बसल्या. तासाभरानं हाक मारली, तर सून ओ देईना.

"साहेब, त्या चूलवाल्या बाईला आत टाका," तो म्हणाला. "माझी बायको गेली ना, तर मी तिला सोडणार नाही."

डॉक्टरांनी चोवीस तास काही सांगता येत नाही असं सांगितलं होतं. बाळंतीण दगावली असती तर निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याचा गुन्हा, म्हणजे तुरुंगाचीच वाट. त्यात ठाण्यावर परतलो तर निनावी फोन येऊन गेलेला. "साहब, वो औरत भंगार का पाइप लगाती है, सब को मालूम है." झालं! आम्हा पोलिसांची एक खोड असते, पहिला माणूस सापडला की दुसरा शोधायचा कंटाळा येतो. मी मनातल्या मनात आरोपपत्रच लिहायला घेतलं.

तिला बोलवायला माणूस पाठवणार, तोच बातमी ऐकून ती स्वतःच दारात उभी राहिली. पन्नाशीची, सावळी, काटक. खांद्याला अवजारांची पिशवी. हवालदार माझ्या कानात पुटपुटला, "साहेब, ही तर हात दाखवून अवलक्षण करायला आली."

महिला शिपायाला शेजारी बसवून मी सुरुवात केली, आणि सुरुवातच अरेतुरेनं केली. आज सांगायला लाज वाटते.

"पाइप कुठला लावलास? भंगारातला?"

"साहेब, पतऱ्याची जाडी, गेज बघा ना जाऊन. पतरा हलका निघाला तर इथंच बसते, कुलूप लावा."

"लायसन आहे तुझ्याकडे?"

"नाय. बाप पत्र्याचं काम करायचा, त्याच्याकडून शिकले. चोवीस वर्षं झाली, चूल बसवून कुणाचं घर काळं केलं नाय मी." मग तिनं एकदम विचारलं, "पोरगी कशी आहे?"

मी म्हणालो, बेशुद्ध आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज सरळ होता. "साहेब, चूल थंड झाली असंल. कुणी हात लावायच्या आत मला दाखवा. माझी चूक असंल तर मीच बोट ठेवून दाखवीन."

इतकी वर्षं आरोपींचे जबाब घेतले, पण स्वतःची चूक शोधायला चला म्हणणारा माणूस पहिल्यांदा भेटला. चिडलो होतो तरी निघालो.

खरवईच्या त्या बैठ्या घरात आजी बाळाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी दोन पंच बोलावले. चुलीमागच्या भिंतीला पत्रा ठोकलेला, पाइप आणि लाकडी कपाट यांच्यात हातभर अंतर, राखेसाठी झाकणाचा पत्र्याचा डबा. आणि भिंतीवर ऑइलपेंटनं ठसठशीत अक्षरं: 'खिडकी उघडी ठेवा. ओलं लाकूड जाळू नका. राख डब्यातच टाका.' जिथं जिथं चूल बसवते तिथं ती हे लिहूनच निघते. पाइपचा पत्रा चांगला जाड निघाला. निनावी फोनवाल्याची ती धंद्यातली पोटदुखी होती.

"ही बाज इथं कुणी आणली?" ती कडाडली. "स्वयंपाकघर आहे ना हे? झोपायच्या खोलीत मी चूल बसवतच नाय!"

मग तिनं अगरबत्ती मागितली. आजींनी देवघरातून आणून दिली. देताना काडी त्यांच्या हातून दोनदा पडली. मी म्हटलं, म्हातारी हादरलीय बिचारी. तेही बरोबरच होतं, फक्त कारण मला कळलं नव्हतं.

बाईनं अगरबत्ती पेटवून चुलीच्या तोंडाशी धरली. धूर सरळ आत वळला आणि पाइपातून वर गेला. ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"साहेब, आता तर ओढतंय."

"मग?"

"खिडकी दहा दिवस बंदच होती ना? दहा दिवस काय झालं नाय. सकाळी झालं. आता परत पाइप मोकळा. म्हणजे सकाळी कायतरी आलं आणि नंतर गेलं. ते वर बघायला पायजे."

मी चूलवाली पकडून बसलो होतो, आणि ती वेळ पकडत होती. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघालेला मी, आणि शोध घेत होती ती संन्याशीण.

आम्ही दोघंच जिन्यानं स्लॅबवर गेलो. पाइपच्या टोकाला पावसासाठी पत्र्याची टोपी होती. तिच्या काठाला पांढरा चुना लागलेला. बाईनं बोटानं खरवडला, इकडेतिकडे नजर टाकली आणि पाण्याच्या टाकीमागे वाकली. तिथं एक काळं मडकं होतं. चुन्यानं काढलेले मोठे डोळे, दात, मिशा. नव्या घराला नजर लागू नये म्हणून टांगतात तसलं. उपडं केलं तर आत काजळीचा गोल, टोपीच्या बरोबर मापाचा.

दोन दिवसांनी बारसं होतं. सारा गाव बाळाला बघायला येणार. घरातली सगळ्यात उंच जागा म्हणजे ते धुरांडं. धूर थांबून निखारे राहिले, तेव्हा कुणीतरी वर येऊन हे मडकं त्यावर उपडं घातलं. धूर असता तर सून खोकत बाहेर आली असती. निखाऱ्यांच्या विषारी वायूला ना वास ना रंग. वरची वाट बंद झाल्यावर तो खोलीतच साठला.

"आजी," त्यांच्या हातून पडलेली काडी आठवून मी म्हणालो.

"हां. आणि पोरगी पडल्यावर त्यांना कळलं, म्हणून काढून लपवलं." तिनं मडकं पदरानं पुसलं नाही, जसं होतं तसं माझ्या हातात दिलं. तिची सुटका त्या मडक्यात होती. दुसरं कुणी असतं तर जिन्यावरूनच ओरडत खाली गेलं असतं. ती म्हणाली, "लिहा साहेब, खरं तेच लिहा. पण लेकाला आजीलाच सांगू द्या. तुमच्या कागदातून कळलं तर घर तुटंल. तोवर मी ठाण्यात बसते, मला काय घाई नाय."

"बाई, तुम्ही बसायचं कारण नाही आता," मी म्हणालो. तोंडातून 'तुम्ही' कधी आलं, ते मला कळलंही नाही.

खाली येऊन त्या आजींसमोर उकिडव्या बसल्या. "आजी, डोळे छान काढलेत हो. जागा चुकली, एवढंच. माझंपण चुकलं. भिंतीवर तीन गोष्टी लिहिल्या, वरच्या तोंडाचं लिहिलंच नाय. मला वाटलं, तिथं कोण कशाला काय ठेवंल."

आजींचा बांध फुटला. "माझ्या हातानं केलं गं! माझ्या लेकीला मीच..." सून नव्हे, लेक म्हणाल्या. बाळ रडायला लागलं, तसं बाईंनी ते उचलून घेतलं.

संध्याकाळी आजींना मी स्वतः रुग्णालयात नेलं. मुलाला त्यांनीच सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटलं, घर तुटलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं डोळे उघडले. आधी बाळाबद्दल विचारलं. मग सगळं ऐकून नवऱ्याला म्हणाली, "आईंना कुणी काही बोलू नका. माझ्यासाठी कुणी इतकं केलं नव्हतं." तेव्हा कुठे तो आईजवळ जाऊन बसला आणि लहान पोरासारखा रडला.

सुनेचा जबाब घेतला, मडकं पंचनाम्यात दाखवलं, अपघात म्हणून अहवाल वर पाठवला. कुणाची तक्रार नव्हती. बारसं महिनाभरानं झालं. आजींच्या मुलानं बाईंना मानानं बोलावलं, सगळ्यांसमोर हात जोडले. मडकं फाटकावर टांगलं होतं.

त्या प्रकरणानं मला शिकवलं ते इतकंच, की प्रत्येक अपघातामागे निष्काळजी माणूस असतोच असं नाही. कधीकधी फार काळजी करणारा असतो. आणि खरा कारागीर ओळखायचा तो त्याच्या कामावरून नव्हे, काम अंगावर उलटलं तेव्हा तो कसा उभा राहिला त्यावरून.

निवृत्तीनंतर मी माझ्या घरी पाणी तापवायला बंब घेतला. बसवायला बाईंनाच बोलावलं. मागच्या पडवीत भिंतीला हवेसाठी झरोका पाडल्याशिवाय त्यांनी कामाला हात लावला नाही, आणि अगरबत्ती माझ्याच हातात दिली. "धरा साहेब, स्वतः बघा." मग ब्रश घेऊन भिंतीवर लिहायला लागल्या. आता ओळी चार होत्या.

चौथी ओळ खरवईच्या आजींनी सांगितलेली, तेव्हापासून प्रत्येक घरात त्या ती लिहितात: 'धुरांड्याचं तोंड मायेनंसुद्धा झाकू नका.'